मोटारसायकल, वेगमर्यादा आणि आपली जबाबदारी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे आणि दुचाकी वाहनाचे नाते निकटचे आहे. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्‌घाटन तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले आणि देशभर धावणारी वाहने या भूमीत तयार होऊ लागली. ग्रामीण भागात कौतुकाने ‘फटफटी’ म्हणून ओळखले जाणारे हे वाहन आज शेतकऱ्याचे, कामगाराचे, शिक्षकाचे आणि ग्रामसेवकाचे रोजचे साधन झाले आहे. पैठण, गंगापूर, खुलताबाद या तालुक्यांतील गावांतून वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांकडे पाळीच्या वेळेनुसार जाणारा कामगार बहुधा मोटारसायकलवरूनच जातो. दुधाची किटली, खताचे पोते, शाळेला जाणारे मूल आणि बाजाराला निघालेली गृहिणी यांचा भार हेच वाहन वाहते.

या सोयीची दुसरी बाजू मात्र चिंता वाटावी अशी आहे. केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होत्या. देशातील एकूण मृतांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४.५, दुचाकीवरील होते. हा हिशोब दररोज दोनशेहून अधिक व्यक्तींचा होतो. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार प्राणास मुकले व त्यांत मागे बसलेले १४,३३७ जण होते. अपघाताला एकच कारण असते असे क्वचितच घडते. तथापि शेकडा ७१ मृत्यूंच्या नोंदीत अतिवेगाचा उल्लेख आहे. वेगावर शासनाने घातलेले निर्बंध कितपत योग्य आहेत, हा वाद म्हणूनच केवळ चर्चेपुरता राहत नाही.

वेगाचे गणित

वेग दुप्पट झाला तर धोकाही दुप्पट होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. धावत्या वाहनातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते आणि थांबण्यासाठी ब्रेक लावल्यानंतरचे अंतरही चौपट लागते. शिवाय समोर अडथळा दिसल्यापासून हात व पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. त्या सेकंदात वाहन मूळच्याच वेगाने पुढे सरकत असते.

कोरडा डांबरी रस्ता व सुस्थितीतील ब्रेक गृहीत धरून हिशोब केला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटारसायकल सुमारे २३ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगाला ४४ मीटर लागतात आणि ८० किलोमीटरला ७२ मीटर. आता असे समजा की, २३ मीटर अंतरावर एक मूल अचानक रस्त्यावर आले. ४० च्या वेगाने येणारा चालक त्याच्याजवळ येऊन थांबेल. ६० च्या वेगाचा चालक त्याच ठिकाणी पोहोचेल तेव्हा त्याचा वेग ताशी ५२ किलोमीटर असेल. ८० च्या वेगाच्या चालकाने ब्रेक जेमतेम दाबलेला असेल आणि त्याचा वेग जवळजवळ तितकाच राहिलेला असेल. तिघांचे कौशल्य आणि तिघांची वाहने सारखीच आहेत. फरक फक्त वेगाचा आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने झालेली टक्कर सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजल्यांहून अधिक उंचीवरून पडण्याइतकी असते. मोटारीत बसलेल्या माणसाभोवती पत्र्याचा सांगाडा असतो. दुचाकीस्वाराला असे कवच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो.

मर्यादेचा इतिहास

वेगमर्यादेवरील वाद मोटारीइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती. ती सर्रास मोडली जाऊ लागल्याने १९३० साली मोटारींवरील मर्यादा रद्द करण्यात आली. त्यानंतर १९३४ साली रस्त्यावरील मृत्यूंची संख्या सात हजारांवर गेली, आणि १९३५ मध्ये वस्तीच्या भागापुरती ताशी ३० मैलांची मर्यादा लागू करावी लागली. कोणी पाळत नाही अशी मर्यादा निरुपयोगी ठरते आणि मर्यादाच नसेल तर वस्तीतील माणूस असुरक्षित होतो, हे दोन्ही धडे या अनुभवातून मिळतात.

त्याच वर्षी ‘अरबस्थानचा लॉरेन्स’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे या विषयाचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणाचे, म्हणजेच हेल्मेटचे महत्त्व १९४१ साली वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. अलीकडच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडे केंद्र शासनाने ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने कमाल वेगमर्यादा वाढविल्या. मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, तर दुचाकींसाठी महानगरपालिका व नगरपालिका हद्दीत ६० किलोमीटर अशी तरतूद त्यात होती. अपघातात कायमचे अपंगत्व आलेल्या एका तरुणीच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली ही अधिसूचना रद्दबातल ठरविली. रस्ते व वाहने सुधारली म्हणून वेग वाढवावा, हा प्रशासनाचा विचार होता. वेग वाढला की मृत्यू वाढतात, हे न्यायालयाचे म्हणणे होते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

निर्बंधांविरुद्धचे आक्षेप केवळ हट्टाचे आहेत असे मानणे योग्य होणार नाही. पुण्यात जानेवारी २०१९ पासून हेल्मेटच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तेथील नागरिकांनी कृती समितीच्या वतीने जाहीर विरोध केला. आपले डोके कसे सांभाळावे हे आपण ठरवू, असा त्यातील एक सूर होता. मराठवाड्यातील उन्हाळ्यात हेल्मेट नकोसे वाटते, हेही खरे आहे. परंतु डोक्याला मार लागलेला माणूस घाटी रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा त्याचे कुटुंब, त्याचे शेत आणि सार्वजनिक वैद्यकीय सेवा या सर्वांवर भार पडतो. वेगाच्या बाबतीत तर व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा आणखी दुबळा ठरतो, कारण तेथे पणाला लागलेला जीव पुष्कळदा दुसऱ्याचा असतो.

दुसरा आक्षेप रस्त्यांविषयीचा आहे. खड्डे, अचानक संपणारी साइडपट्टी, रात्री मागील दिव्याशिवाय उभी असलेली उसाची ट्रॉली ही अपघातांची कारणे नाहीत काय? अवश्य आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले आणि सदोष बांधणी वा देखभालीमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास ठेकेदार व संबंधित यंत्रणेस दंडाची तरतूद झाली. परंतु जेथे रस्ता सदोष आहे, तेथे वेग अधिकच कमी हवा.

तिसरा आक्षेप असा की, मर्यादा मनमानी असतात, फलक झाडाआड असतात आणि दंडाची पावती मात्र घरपोच येते. हा आक्षेप प्रशासनाने गांभीर्याने घेतला पाहिजे. मर्यादेचे कारण चालकास रस्त्यावरच पटले पाहिजे. शाळा, बाजार, चौक वा वळण दिसले की तो आपोआप वेग कमी करील. कारण न दिसता केवळ आकडा दिसला, तर तो कायद्याविषयी अनादर शिकेल.

वेगमर्यादा चांगल्या चालकाचे कौशल्य मोजण्यासाठी नसते. त्या रस्त्यावरील सर्वांत दुबळ्या माणसाला चूक करण्याची मुभा मिळावी आणि त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, यासाठी ती असते. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. तेथे मोटारी १२० च्या वेगाने धावतात. म्हणून दुचाकींना तेथे प्रवेशच नाही. याउलट गावातून जाणाऱ्या राज्यमार्गावर बैलगाडी, शेळ्या, शाळकरी मुले आणि भरधाव वाहने एकाच पट्ट्यावर असतात. तेथे कोणालाच प्रवेश नाकारता येत नाही. वेगच कमी करावा लागतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ अन्वये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी अथवा रस्त्याच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक रस्त्यावर कमी मर्यादा लावू शकतो. मात्र तेथे योग्य फलक उभारणे आवश्यक असते. कलम १२९ अन्वये चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास, मागे बसणाऱ्यासही, हेल्मेट सक्तीचे आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख बांधवांना यातून सूट आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्हाशिवाय हेल्मेट विकता येत नाही. चार वर्षांखालील मूल बरोबर असल्यास वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा आणि मुलास सुरक्षा पट्टा व हेल्मेट असावे, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

गावपातळीवर काय करता येईल?

कायदा मुंबई-दिल्लीत होतो. अपघात मात्र गावाच्या वेशीवर होतो. यास्तव ग्रामपंचायतीने ग्रामसभेत आपल्या हद्दीतील धोक्याच्या जागांची यादी करावी. शाळेसमोरचा रस्ता, आठवडी बाजाराची जागा, अरुंद पूल आणि वळण यांचा त्यात समावेश असावा. तेथे कमी मर्यादा, फलक व पादचारी पट्टे मिळावेत असा ठराव करून तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. फलकांवर वाढलेली झाडी तोडणे आणि ट्रॉली व बैलगाडीच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या लावणे ही कामे तर गावाला स्वतःच करता येतील.

शिक्षकांना याहून सोपा उपाय करता येईल. शाळेच्या मैदानावर फक्कीने २३, ४४ आणि ७२ मीटरवर रेघा आखाव्यात आणि मुलांना त्या अंतरांवरून चालावयास लावावे. ७२ मीटरची रेघ पुष्कळ शाळांच्या मैदानात मावणार नाही. त्यातूनही मुले जे समजायचे ते समजतील. घरी जाऊन ती वडिलांना हा हिशोब सांगतील, आणि वडील मुलांचे ऐकतात.

शासकीय कर्मचाऱ्यांनी कार्यालयात दुचाकीवरून येताना स्वतः हेल्मेट घालावे. जो अधिकारी नियम पाळताना दिसतो, त्याच्या सांगण्याला गावात वजन येते. अपघात झाल्यास बघ्यांची गर्दी न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सद्‌भावनेने जखमीस मदत करणाऱ्यास कायद्याच्या कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे, हे प्रत्येक गावात सांगितले गेले पाहिजे. पहिल्या तासात मिळालेले उपचार पुष्कळदा जीव वाचवितात.

वीस किलोमीटरचे अंतर ताशी ६० ऐवजी ४० च्या वेगाने कापले, तर दहा मिनिटे अधिक लागतात. वेगमर्यादेवरील साऱ्या वादात चालकाकडे मागितले जाते ते एवढेच. पाळीवरून घरी परतणाऱ्या कामगाराची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला ही दहा मिनिटे जड नाहीत.