कापसाच्या रानातील श्रम आणि मूत्रसंस्थेचे आरोग्य

मानवी मूत्रसंस्थेत दोन मूत्रपिंडे, दोन मूत्रवाहिन्या, एक मूत्राशय आणि एक मूत्रमार्ग एवढेच मोजके अवयव असले, तरी रक्तातील पाणी, क्षार आणि आम्लता यांचा मेळ अहोरात्र राखण्याचे काम या संस्थेकडे असल्यामुळे, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बहुतेक माणसे उघड्या रानात राबतात, तेथे तिच्यावरचा भार पुष्कळ वाढतो. आदिलाबादच्या दक्षिणेस, नागपूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले गुडीहत्नूर आणि त्याच्या भोवतालची, काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी गावे अशाच प्रदेशात मोडतात. येथील घरांना परिचित असलेल्या उन्हाळी लागणे (लघवीची जळजळ), मुतखडा आणि लघवी तुंबणे या तीन तक्रारींचा उलगडा मूत्रसंस्थेची रचना समजून घेतल्यावाचून होत नाही.

मूत्रपिंडे पोटाच्या पोकळीत पुढच्या बाजूस नसून पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, शेवटच्या बरगड्यांच्या आधाराने, आतड्यांच्या मागे असतात. यकृताने वरची जागा व्यापल्यामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १५० ग्रॅम असते, म्हणजे दोन्हींचे मिळून वजन शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा, मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, या दोन लहान अवयवांकडे येते. ओणवे काम केल्याने दुखणारी कंबर आणि मूत्रपिंडाचे दुखणे यांतील फरक येथे लक्षात घेण्यासारखा आहे: पहिले दुखणे वाकताना-उठताना बदलते, तर दुसरे बरगडीखाली एका कुशीत असते आणि बसण्याउठण्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

मूत्रपिंडाचे खरे कार्य त्याच्या सूक्ष्म घटकांत, म्हणजे नेफ्रॉनमध्ये चालते, आणि एका मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख घटक असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी बारीक रक्तकेशिकांचा एक गुच्छ आणि त्याला वेढणारे पेल्यासारखे आवरण असते, ज्याचे तपशीलवार वर्णन इंग्लंडमधील विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये केले. या गुच्छातून रक्तातील पाणी आणि विरघळलेले लहान कण गाळले जातात, मात्र रक्तपेशी आणि प्रथिनांचे मोठे रेणू मागेच राहतात. निरोगी प्रौढ माणसात असा गाळलेला द्रव दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर होतो, परंतु पुढच्या वळणदार नलिकांमध्ये त्यातील ९९ टक्के पाणी आणि उपयुक्त साखर, क्षार रक्तात परत घेतले जात असल्यामुळे प्रत्यक्ष लघवी एक ते दोन लिटरच होते. मूत्रपिंडाची थोरवी या परत घेण्याच्या कामात विशेष दिसते, कारण शरीराला काय हवे आणि काय नको याचा निवाडा तेथे होतो.

शरीरातील पाणी कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप पोहोचवणारे द्रव्य, स्रवते आणि नेफ्रॉनच्या शेवटच्या भागातून अधिक पाणी परत घेतले जाते. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ती यामुळे. ही शक्ती मोठी असली तरी अमर्याद नाही: मानवी मूत्रपिंड लघवीला रक्ताच्या सुमारे चौपट दाट करू शकते, त्यापलीकडे नाही, आणि म्हणून दिवसभराचा युरिया व इतर टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. भर उन्हात निंदण, डवरणी करणाऱ्या माणसाच्या शरीरातून घामावाटे तासाला एक लिटरही पाणी जाऊ शकते. अशा वेळी एका बाटलीवर दिवस काढणे म्हणजे मूत्रपिंडाला त्याच्या क्षमतेच्या टोकाशी रोज नेऊन ठेवणे होय. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वाडोर या देशांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांमध्ये, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही, मूत्रपिंडे निकामी होण्याचा जो आजार आढळला, त्यामागे उन्हातील कष्ट आणि वारंवार होणारी पाण्याची तूट ही प्रमुख कारणे मानली जातात. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम भागही शेतकरी-मजुरांमधील अशाच आजारासाठी ओळखला जातो, आणि गुडीहत्नूरच्या शेतकऱ्यांनी या दोन्ही उदाहरणांकडे दूरच्या गोष्टी म्हणून पाहू नये.

लघवी दाट झाली की तिच्यात विरघळलेले कॅल्शियम, ऑक्झलेट वा यूरिक आम्ल स्फटिकरूपाने वेगळे होऊ लागते आणि त्यातून मुतखडा तयार होतो. सुश्रुतसंहितेत अश्मरी या नावाने त्याचे प्रकार आणि शस्त्राने तो काढण्याची रीतही दिलेली आहे, इतका हा विकार जुना आहे. मूत्रपिंडात असेपर्यंत खडा बहुधा गप्प असतो. तो २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीत उतरला आणि तिच्या तीन अरुंद जागांपैकी एखाद्या ठिकाणी अडकला, की कुशीतून जांघेकडे जाणारी, माणसाला लोळायला लावणारी कळ येते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, आणि यामुळेच पानफुटीच्या पानांना वा कुळथाच्या काढ्याला पुष्कळदा श्रेय मिळते. कुळथाचे पाणी पिण्यात सहसा अपाय नाही, पण मोठा खडा त्याने विरघळेल या भरवशावर महिनोन्महिने थांबल्यास वरचे मूत्रपिंड फुगून कायमचे निकामी होऊ शकते. खडा झाला म्हणून दूध-दही बंद करण्याची प्रथा तर चुकीचीच आहे, कारण आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. कमी करायचे ते मीठ, लोणचे आणि पापड, आणि वाढवायचे ते पाणी व लिंबू, कारण लिंबातील सायट्रेट स्फटिक जमण्यास अडथळा करते.

उन्हाळी लागण्याचे प्रकरण वेगळे आहे आणि ते विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला येते. मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि साधारण १५० ते २०० मिलिलिटर साठली की पहिली जाणीव होते. ती दाबून धरणे बाहेरच्या ऐच्छिक स्नायूमुळे शक्य होते. पुरुषाचा मूत्रमार्ग १८ ते २० सेंटिमीटर, तर स्त्रीचा अवघा चार सेंटिमीटर लांब असल्यामुळे आतड्यातील ई. कोलाय जिवाणूंना तिच्या मूत्राशयापर्यंत पोहोचणे सोपे जाते, आणि वेळच्या वेळी लघवी केल्याने हे जिवाणू धुऊन निघण्याची जी सोय निसर्गाने केली आहे ती लघवी तुंबवून ठेवल्याने मोडते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळच्या गारव्यात तहान लागत नाही, शेतात आडोसा नसतो, सोबत पुरुष मजूर असतात, म्हणून बाया मुद्दाम पाणी कमी पितात आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवी रोखतात. हा दोष त्या बायांचा नाही. ज्याच्या शेतात वेचणी चालते त्या शेतमालकाने बांधाच्या कडेला चार काठ्या व जुन्या साड्यांचा आडोसा उभारणे आणि पिण्याच्या पाण्याची कळशी रानात पोहोचवणे हा कोणत्याही गोळीपेक्षा मोठा उपाय आहे. जळजळ सुरू झाल्यावर सब्जा वा धण्याच्या पाण्याने बरे वाटते, तथापि दोन दिवसांत आराम पडला नाही तर लघवीची तपासणी करून प्रतिजैविक औषध पूर्ण मुदतीचे घ्यावे. गरोदर स्त्रीने एक दिवसही थांबू नये.

दिवसभराच्या कष्टानंतर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन वा गोळी घेण्याची सवय ही गावागावांत पसरलेली आणि सर्वांत कमी चर्चिली जाणारी हानी आहे. शरीरातील पाणी कमी असताना नेफ्रॉनमधील गुच्छाकडे जाणारी रक्तवाहिनी खुली ठेवण्याचे काम काही स्थानिक द्रव्ये करतात, आणि ही वेदनाशामके नेमकी तीच द्रव्ये बनू देत नाहीत. परिणामी उन्हात सुकलेल्या शरीरात गाळण्याचे काम अचानक मंदावते. अंगदुखीवर योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल, ताक वा आंबील आणि रात्रीची झोप यांवर आधी भर द्यावा.

मूत्रपिंडे याशिवाय रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक तयार करतात, ड जीवनसत्त्व कार्यक्षम करतात आणि रक्तदाब आवरतात, म्हणून ती खालावली की माणूस फिकट पडतो, हाडे दुखतात, रक्तदाब चढतो. पण निम्म्याहून अधिक कार्य जाईपर्यंत कोणतेही लक्षण जाणवत नाही. मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आधीच जडला आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. इतरांनी लघवी फिकट पिवळी राहील एवढे पाणी दिवसभरात विभागून प्यावे.

थंडी वाजून ताप आणि त्यासोबत कुशीत कळ, लघवीतून रक्त, बारा तासांत लघवीच न होणे, चेहऱ्यावर व पायांवर सूज, किंवा प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषाची लघवी एकाएकी अडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत रात्र घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि आदिलाबादच्या राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे.