आजारपणातील साधना

हातकणंगले तालुक्यातील आळते गावानजीक श्री क्षेत्र रामलिंग आहे. येथील गुहेतील शिवलिंगाची स्थापना प्रभू श्रीरामचंद्रांनी केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. घरातील दुखणे मनात घेऊन आलेले अनेक जण या गुहेच्या गारव्यात काही क्षण निवांत बसतात. हाच निवांतपणा अंथरुणास खिळलेल्यास घरी कसा लाभावा?

आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्रात याचे उत्तर आढळते. १९३८ साली त्यांची प्रकृती अत्यंत खालावून वजन ८८ पौंडांवर आले. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी न जाता त्यांनी वर्ध्याजवळील पवनार निवडले. धाम नदीचा पूल ओलांडतानाच त्यांनी कार्याच्या सर्व चिंतांचा मनोमन त्याग केला. तेथे प्रारंभी ते अगदी थोडा वेळ जमीन खणत व शक्ती येईल तसा वेळ वाढवीत. काही महिन्यांत प्रकृती सुधारली. त्याच भूमीत खणताना भरत-राम भेटीचे शिल्प सापडले.

विनोबांनी चिंता सोडली, श्रमांचे प्रमाण मात्र सांभाळले. रुग्णानेही औषधोपचार वैद्यांच्या सल्ल्याने नियमित घ्यावेत व त्यांचा परिणाम काय होईल, हा भार ईश्वरावर सोपवावा. दोन औषधांच्या मधल्या वेळात पाच मिनिटे नामस्मरण करावे. उपवास मोडला वा जप अपुरा राहिला, तरी खंत करू नये. शुश्रूषा करणाऱ्यांनीही दिवसातून असे काही क्षण राखावेत. देव आजाऱ्याकडून कष्ट मागत नाही; त्यास भावच पुरेसा आहे.