वेळेवर केलेलें लहान काम



पावसाळा तोंडावर आला म्हणजे आपल्या गांवोगांवीं एकच धांदल उडते. कोणी घर शाकारतो, कोणी मोटारसायकलीची साखळी घट्ट करून घेतो, कोणी पन्हळींतील पाला काढतो. पुष्कळ जण मात्र पहिली सर येऊन अंथरूण भिजेपर्यंत स्वस्थ बसतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही संवय आमच्याही अंगीं होती. ती एके दिवशीं आमच्या व आमच्या मुलाबाळांच्या जिवावर कशी बेतली, आणि ज्यांस मोटारीचा नाद आहे व जे आपलें घर आपल्या हातांनीं दुरुस्त करितात अशा लोकांपासून आम्ही काय शिकलों, हें ह्या पाठांत सांगावयाचें योजिलें आहे.

एका शिक्षकाची मोटार

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत लाँग आयलंड नांवाचें एक लांबट बेट आहे. तेथें अर्व्ह गॉर्डन नांवाचे शास्त्र विषयाचे एक शिक्षक राहत असत. १९६६ सालच्या जून महिन्यांत त्यांनीं व्हॉल्व्हो कंपनीची पी १८०० ह्या जातीची एक तांबडी मोटार विकत घेतली. शाळेस जाण्यायेण्याचा त्यांचा रोजचा प्रवास सुमारें १२५ मैलांचा होता. शिवाय सुटीच्या दिवसांत दूरवर फिरण्याची त्यांस मोठी हौस. १९८७ सालीं त्या मोटारीचे १० लक्ष मैल पुरे झाले, २००२ सालीं २० लक्ष, आणि २०१३ सालच्या सप्टेंबरांत अलास्कांतील एका रस्त्यावर ३० लक्ष मैल, म्हणजे सुमारें ४८ लक्ष किलोमीटर, पुरे झाले. पृथ्वीचा घेर सुमारें २५ हजार मैल आहे. त्या मानानें पाहतां एकाच मनुष्यानें एकाच मोटारींतून पृथ्वीभोंवतीं १२० फेऱ्या घालाव्या, इतकी ही मजल झाली. गॉर्डन हे २०१८ सालीं वारले.

आतां कोणी विचारील कीं, ह्यांत गुपित तें कोणतें? वाचकहो, गुपित कांहींच नव्हतें. मोटारीबरोबर जी पुस्तिका मिळते ती त्यांनीं वाचली, आणि तींत सांगितलें होतें तसें ते वागले. सुमारें तीन ते साडेतीन हजार मैल झाले कीं इंजिनाचें तेल बदलावयाचें, हा त्यांचा नेम. लहान कामें ते स्वतः करीत. मोठें काम जाणत्या कारागिराकडे देत. ६ लक्ष ८० हजार मैल होईपर्यंत इंजिन मोठ्या दुरुस्तीसाठीं खोलण्याची पाळी आली नाहीं.

इंजिनांतील तेलाचीं कामें तीन. धातूवर धातू घांसूं न देणें हें पहिलें; उष्णता वाहून नेणें हें दुसरें; आणि जळलेल्या इंधनाची काजळी व धातूचा बारीक कीस आपल्या पोटांत धरून ठेवणें हें तिसरें. तें जुनें झालें म्हणजे हीं तिन्ही कामें बिघडतात, परंतु त्या दिवशीं मोटार थांबत नाहीं. ती कालच्यासारखीच चालते. मनुष्य फसतो तो येथेंच. नुकसान आज होतें आणि त्याचा आवाज दोन वर्षांनीं ऐकूं येतो.

घाटांतील आमची गोष्ट

आम्हांस मोटारीची हौस लहानपणापासून. पुढें संसारांतून चार पैसे शिल्लक टाकून आम्हीं एक जुनी, दुसऱ्यानें वापरलेली चारचाकी घेतली. तिला आम्ही रोज पुसावें, रविवारखेरीज एक दिवस तिला मेण लावावें, तिच्या बैठकींस नव्या खोळी शिवून घ्याव्या, असा थाट होता. पुस्तिका मात्र समोरच्या कप्प्यांत होती तशीच राहिली. आपल्याला सर्व समजतें असा आमचा ग्रह होता.

एकदां आम्ही भोरहून महाडकडे वरंध घाटानें उतरत होतों. बरोबर आई, पत्नी व दोन मुलें. उतरणीवर आम्हीं पाय सारखा ब्रेकवर ठेविला होता. अर्धा घाट उतरल्यावर पायाखालचा ब्रेक एकाएकीं मऊ लागला आणि तळापर्यंत खालीं गेला, गाडी थांबेना.

"अहो, गाडी थांबत कां नाहीं?" असें पत्नीनें विचारलें. आम्हांस उत्तर देववलें नाहीं. आम्हीं गाडी दुसऱ्या गिअरांत व लगेच पहिल्या गिअरांत टाकली, हातब्रेक थोडा थोडा ओढीत आणला, आणि डोंगराच्या अंगास मातीचा ढीग होता त्यास गाडी टेकवून उभी केली. दुसऱ्या अंगास दरी होती. आई कांहीं बोलली नाहीं; धाकट्यास तिनें उराशीं धरिलें होतें, त्यास पुष्कळ वेळ सोडलें नाहीं.

महाडच्या एका कारागिरानें ब्रेकचें तेल काढून दाखविलें. तें काळ्या चहासारखें झालें होतें. तो म्हणाला, "साहेब, हें कधीं बदललेलेंच दिसत नाहीं." मग आम्हीं ती पुस्तिका उघडली. हें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें असें तींत स्पष्ट छापलें होतें. काम थोडक्या रुपयांचें व तासाभराचें.

असें कां होतें तें ध्यानांत घ्या. आपण पाय दाबला म्हणजे नळ्यांतील तेल तो दाब चाकांपर्यंत पोंचवितें. परंतु हें तेल हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतें. घाटांत सतत ब्रेक दाबल्यानें चाकांपाशीं फार उष्णता उत्पन्न होते व त्या ओलाव्याची वाफ बनते. तेल दाबून लहान होत नाहीं, वाफ होते. म्हणून पाय खोल जातो, पण चाक धरलें जात नाहीं. ह्यास्तव तेल वेळेवर बदलावें. आणि उतरतांना, ज्या गिअरांत तो घाट चढावा लागेल त्याच सुमाराच्या गिअरांत गाडी ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला आवरून धरितें व ब्रेकवर भार पडत नाहीं.

डाग एकीकडे, भोंक दुसरीकडे

घाटांतून परत आल्यावर आम्हीं घराकडे नव्या डोळ्यांनीं पाहिलें. आमचें घर जुनें, मंगळुरी कौलांचें. वाचकांस ठाऊक असेल कीं, ह्या कौलांचा कारखाना बासेल मिशननें मंगळूर येथें १८६५ सालीं काढला, व तेथून हीं कौलें सर्वत्र पसरलीं. प्रत्येक कौलाच्या कडेस खांच असते व ती शेजारच्या कौलांत बसते. वरच्या रांगेची कड खालच्या रांगेवर येते, म्हणून पाणी एकावरून दुसऱ्यावर उतरत पन्हळींत जातें. एक कौल बोटभर सरकलें तरी ही मालिका तुटते.

आमच्या मधल्या खोलींतील भिंतीवर दर पावसाळ्यांत एक डाग पडे. त्या डागाच्या नेमक्या वर आम्हीं तीन वर्षें सिमेंट थापलें. डाग कांहीं हटेना. शेवटीं शेजारच्या म्हाताऱ्या सुतारकाकांनीं आम्हांस भर दुपारीं माळ्यावर नेलें, दार लावून अंधार केला व म्हणाले, "आतां वर पाहा." आढ्यापाशीं रुपयाएवढा उजेड दिसला. तेथून आंत शिरलेलें पाणी वाशावरून ओघळत आठ हात खालीं येऊन भिंतीवर टपकत होतें. फुटलेलें एक कौल बदललें, आणि डाग गेला. तोंवर मात्र त्या वाशाचें टोंक कुजलें होतें व त्यास वाळवी लागली होती. एका कौलाच्या आळसानें एक वासा खाल्ला.

जेथें डाग दिसतो तेथें दोष असतोच असें नाहीं. मोटारीचा दिवा मंद झाला म्हणजे आपण दिवा बदलतों; दोष पुष्कळदां गंजलेल्या तारेच्या जोडांत असतो. चाकाचें रबर एका अंगानें झिजलें म्हणजे आपण रबरास दोष देतों. बहुधा चाकच तिरपें बसलेलें असतें. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं थोडा वेळ नुसतें पाहावें. गळतीचा ठाव लागत नसेल तर एकानें घरांत उभें राहावें व दुसऱ्यानें बाहेरून पाणी ओतावें, पण तें खालच्या रांगेपासून आरंभ करून एकेक रांग वर जात ओतावें. एकदम वरून ओतलें तर भोंक कोणत्या रांगेंत आहे तें कळत नाहीं.

आपल्या हाताची मर्यादा

स्वतःच्या हातानें काम करणें चांगलें. पैसा वांचतो, वस्तूची ओळख होते, आणि कारागिरानें केलेलें काम बरें कीं वाईट हें पारखतां येतें. परंतु अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हें विसरूं नये. कांहीं ठिकाणीं धाडस म्हणजे केवळ मूर्खपणा होय.

मोटार नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखालीं कधींही शिरूं नये. जॅक घसरतो. खालीं लोखंडी घोड्या लावाव्या, जमीन सपाट असावी, व जीं चाकें जमिनीवर टेकलेलीं असतील त्यांस दोन्हीं अंगांनीं दगड लावावे. शिडी लावतांना, ती जितकी उंच टेकेल त्याच्या चौथ्या हिश्शाइतकें तिचें बूड भिंतीपासून दूर असावें. बारा फुटांस तीन फूट. खालीं एकानें ती धरावी. ओल्या कौलांवर पाय ठेवूं नये.

विजेच्या तारेस हात लावण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करावें, व तें बंद आहे हें दिव्यानें पारखून घ्यावें. दिवा बदलणें हें तुमचें आमचें काम. परंतु पाणी तापविण्याच्या यंत्राची जोडणी व जमिनींत जाणारी अर्थिंगची तार हें परवाना असलेल्या तारवाल्याचें काम. ती तार तुटली असली तरी यंत्र चालतें, पाणी तापतें, कोणास कांहीं कळत नाहीं. आणि एके दिवशीं ओल्या हाताच्या माणसास धक्का बसतो. येथें पैसे वांचविणें हें वांचविणें नव्हे.

एक वही

आमची शेवटची सूचना अगदीं साधी आहे. दोन आण्यांच्या वहीचे दिवस गेले, पण वहीचें मोल गेलें नाहीं. एक वही घ्या व दाराशीं टांगा. तींत तारीख, गाडीचा आंकडा व केलेलें काम एवढेंच लिहा. आपली आठवण आपली बाजू घेते. "परवांच तर तेल बदललें" असें ती सांगते, आणि वही काढून पाहावें तों वर्ष लोटलेलें असतें.

दर आठवड्यास चाकांतील हवा, दिवे व ब्रेक पाहावे. इंजिनाचें तेल पाहतांना गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन थोडें निवूं द्यावें, मापाची पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. वैशाखांत कौलें, पन्हळी व घरावर वांकलेल्या फांद्या पाहाव्या. पावसाळा सरल्यावर वासे, दारांच्या चौकटी व भिंतींचे पाये वाळवीसाठीं तपासावे. पाणी जिरून जोत्यापाशीं सांचत असेल तर चर खणून तें दूर न्यावें.

आम्ही हा नेम धरल्यास आतां कित्येक वर्षें झालीं. गाडी तीच आहे, घर तेंच आहे. धाकटा आतां स्वतः ती गाडी चालवितो, आणि घाट उतरण्यापूर्वीं, कोणी न सांगतां, वही काढून ब्रेकच्या तेलाची तारीख पाहतो. आईनें त्या दिवशीं त्यास कां घट्ट धरलें होतें हें त्यास आठवत नाहीं, आम्हांस आठवतें.

संसारांतही असेंच नाहीं काय? सावकाराचें थोडें देणें, भावाभावांतील एक कडू शब्द, महिनाभर न हटणारा खोकला, ह्यांपैकीं कशानेंही त्याच दिवशीं घर पडत नाहीं. म्हणूनच तीं उद्यांवर टाकलीं जातात. वाचकहो, जें लहान आहे तोंवर आपल्या हातचें आहे, तें आजच करा.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या घरांत किंवा गाडींत असें कोणतें लहान काम आहे कीं जें आपण एका वर्षाहून अधिक काळ पुढें ढकललें आहे?

२. इंजिनाचें तेल जुनें झालें असतांही मोटार चालते. तर मग त्यापासून नुकसान कसें होतें?

३. डाग एकीकडे व दोष दुसरीकडे, असें आपल्या अनुभवांतील एक उदाहरण सांगा.

४. कोणतें काम स्वतः करावें व कोणतें जाणत्याकडे द्यावें, हें आपण कशावरून ठरवाल?