चुकीचा स्वीकार आणि जीवाचे बद्धमुक्तत्व

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर असे चार पदार्थ निरूपिले आहेत. त्यांत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त होय. हा भेद अभ्यासकांना मुखोद्गत असतो. परंतु घरात व आश्रमात त्याचा विनियोग क्वचितच होतो. जीव बद्ध आहे, म्हणून त्याच्या हातून चूक घडणारच. तो मुक्त होण्यास योग्य आहे, म्हणून ती चूक हे त्याचे अखेरचे रूप नव्हे. पहिली गोष्ट विसरणारा स्वतःकडून व लेकरांकडून पूर्णत्वाची अपेक्षा करतो. पूर्णत्व तर एका परमेश्वराचे. दुसरी विसरणारा हताश होतो. दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवणे, हाच चुकीचा यथार्थ स्वीकार.

नित्याचा एक प्रसंग घ्यावा. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातून दुधाचे भांडे निसटते. आई विचारते, “कोणी सांडले?” प्रश्न साधा, पण स्वर असा, की मूल मांजराकडे बोट दाखविते. येथे दोष दोन घडले. दूध सांडणे हा कोवळ्या हाताचा दोष. तो वयाबरोबर जाईल. असत्य हा दुसरा दोष. तो भयातून जन्मला, आणि ते भय मुलाने निर्माण केलेले नव्हे. पुढे हेच मूल पाठ विसरले असता ‘विसरलो’ म्हणत नाही. ओठ हलवून वेळ निभावते, आणि चुकीचा पाठ तसाच कंठी बसतो.

शंका : चूक स्वीकारावी म्हटल्यास शिस्त शिथिल होणार नाही काय? आचारप्रकरणाची मग गरज काय?

समाधान : स्वीकार म्हणजे समर्थन नव्हे. दोष घडला असे मान्य केल्यावाचून अनुताप होत नाही, आणि अनुतापावाचून प्रायश्चित्त हा केवळ देहाला कष्ट. झाकलेल्या दोषास प्रायश्चित्त लागू पडत नाही. मुलाच्या हाती फडके देऊन सांडलेले दूध त्याच्याकडूनच पुसून घ्यावे. भांडे दोन्ही हातांनी कसे धरावे ते दाखवावे. यात शिस्त आहे, अपमान नाही.

दृष्टांतपाठातील जात्यंधांचा हत्ती सर्वश्रुत आहे. पाय चाचपणारा त्यास खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो. एका कृत्यावरून लेकरास ‘खोटारडा’ वा ‘धांदरट’ ठरविणारा वडीलही एकच अवयव चाचपून संपूर्ण हत्तीचा निर्णय देतो. साधक स्वतःविषयी असाच निर्णय देतो, तेव्हा त्यास तो विनय समजतो. वस्तुतः तेही अज्ञानच.

अपूर्णता मान्य करण्याचा धडा ग्रंथपरंपरेनेच घालून दिला आहे. म्हाइंभटांनी लीळा संकलित करताना, ज्यांनी त्या पाहिल्या वा ऐकिल्या त्यांना विचारून आणि नागदेवाचार्यांकडून निश्चय करून घेऊन लेखन केले. पुढे मूळ प्रत धाडीत हरविली. मग स्मरणाच्या आधारे पुन्हा पाठ सिद्ध झाले. हिराइसा, परशरामबास इत्यादिकांच्या नावांनी ते ओळखले जातात. स्मरणात जेथे भेद पडला तेथे ‘वासना’, ‘शोध’ म्हणून तो नोंदविला गेला. भेद पुसून टाकून ग्रंथ निर्दोष भासविणे सोपे होते. परंतु सर्वज्ञांच्या लीळांविषयी अपार आदर असणाऱ्यांनीच आपल्या स्मरणाची मर्यादा उघड ठेविली. त्यामुळे ग्रंथाची थोरवी उणावली नाही, विश्वास वाढला.

घरातही हेच घडते. वडिलाने रागाच्या भरात निरपराध मुलास शब्द लावला असेल, तर संध्याकाळी जवळ बसवून “बाळ, माझे चुकले” म्हणावे. एवढ्याने वडीलपण जात नाही. चुकीचे नाव घेऊनही मनुष्य ताठ उभा राहू शकतो, हे त्या मुलास प्रथमच दिसते. पुढच्या वेळी दूध सांडल्यावर ते मांजराकडे बोट दाखविणार नाही. फडके आणावयास जाईल.