डंबार्टनचे जहाजबांधणीकार विल्यम डेनी

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहावयास जाणाऱ्यांना ब्रह्मदेशाच्या अखेरच्या राजाची कहाणी ठाऊक असते. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांचे सैन्य इरावती नदीतून मंडालेवर चालून गेले, ते इरावदी फ्लोटिला कंपनीच्या आगबोटींतून. या कंपनीच्या ताफ्याचा मोठा भाग स्कॉटलंडमधील डंबार्टन या लहानशा गावी बांधला गेला होता. बांधणारे होते ‘विल्यम डेनी अँड ब्रदर्स’, आणि त्या घराण्याचे प्रमुख पीटर डेनी हे कंपनीचे मोठे भागधारकही होते. थिबा राजाचे राज्य जात असताना या कारखान्याचा कारभार ज्यांच्या हाती होता, ते पीटर यांचे चिरंजीव विल्यम डेनी या लेखाचा विषय आहेत.

डंबार्टन हे गाव लेव्हन आणि क्लाइड या नद्यांच्या संगमावर, किल्ला असलेल्या एका उंच खडकाच्या पायथ्याशी वसले आहे. डेनी बंधूंनी येथे १८४४ मध्ये जहाजबांधणीस प्रारंभ केला. ‘कटी सार्क’ हे सुप्रसिद्ध शिडाचे जहाज बांधणारी याच गावची दुसरी पेढी बुडाली, तेव्हा १८६९ मध्ये ते अपुरे काम डेनींनीच पुरे केले. विल्यम यांचा जन्म १८४७ चा. मालकाचा मुलगा असूनही त्यांनी उमेदवार म्हणून कारखान्यात काम शिकून घेतले आणि १८६८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भागीदार झाले.

जहाज तयार झाले म्हणजे ते पूर्ण वेगाने एकदा चालवून पाहावयाचे आणि गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करावयाचे, असा त्या काळचा रिवाज होता. विल्यम यांना तो पटेना. कमी, मध्यम आणि पूर्ण अशा निरनिराळ्या वेगांना इंजिनास किती शक्ती लागते, याची मोजदाद ते करू लागले. १८७९ मध्ये त्यांच्या कारखान्यातून ‘रोटोमहाना’ हे न्यूझीलंडच्या कंपनीसाठी बांधलेले पोलादी जहाज बाहेर पडले. महासागरावर चालणारे मऊ पोलादाचे पहिले व्यापारी जहाज म्हणून त्याचा उल्लेख होतो.

परंतु जहाज बांधून झाल्यावर मोजण्यापेक्षा आधीच अंदाज आला तर? विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने त्याची वाट दाखविली होती. जहाजाची लहान प्रतिकृती पाण्यातून ओढली असता तिला होणाऱ्या विरोधावरून मोठ्या जहाजाचा विरोध काढता येतो. मात्र वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरावा लागतो. शंभर मीटर लांबीचे जहाज ताशी पंधरा सागरी मैल जाणार असेल, तर चार मीटरची प्रतिकृती ताशी तीन मैलांनी ओढावयाची. लाटांमुळे होणाऱ्या विरोधास हा नियम लागू पडतो. पाण्याच्या घर्षणाचा हिशोब वेगळा करावा लागतो. फ्राउड यांचा हौद ब्रिटिश आरमाराच्या पैशाने झाला होता. १८८३ मध्ये डेनींनी आपल्या कारखान्यातच असा सुमारे शंभर मीटर लांबीचा हौद बांधला. खाजगी व्यापारी कारखान्याने बांधलेला जगातील हा पहिला हौद होय. मेणाच्या प्रतिकृती तासावयाच्या, ओढून पाहावयाच्या, पुन्हा वितळवून नव्या घडवावयाच्या, असे तेथील काम चाले.

कामगारांच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच शोधक होती. यंत्रात वा कामाच्या पद्धतीत सुधारणा सुचविणाऱ्या कामगारास बक्षीस देण्याची योजना त्यांनी १८८० मध्ये सुरू केली. नकाशांच्या नकला करण्यासाठी स्त्रियांची नेमणूक केली. त्या काळच्या जहाज कारखान्यात ही गोष्ट नवलाचीच.

नगावारी मजुरीचा मामला मात्र अवघड ठरला. १८७६ च्या सुमारास त्यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. जास्त काम करील तो जास्त मिळवील, हे त्यांचे म्हणणे कामगार संघटनांना मान्य नव्हते. दहा वर्षांच्या अनुभवानंतर त्यांना दिसून आले की, कामगाराची कमाई वाढली की मालकास दर उतरविण्याचा मोह होतो, आणि संघटनांची भीती निराधार नव्हती. कामगारांशी बसून दर ठरविले पाहिजेत, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. इतक्या स्पष्टपणे आपले मत चुकले असे सांगणारा मालक विरळाच. ब्रह्मी राजाच्या राज्याचे काय झाले, याचा विचार मात्र त्या हिशोबात कोठे नव्हता.

जहाजात किती भार भरावा याची रेषा ठरविणाऱ्या सरकारी समितीवर १८८४ मध्ये त्यांची नेमणूक झाली. कामाचा व्याप वाढतच होता. १८८६ मध्ये दक्षिण अमेरिकेतील नदी-वाहतुकीच्या एका उद्योगासाठी ते तिकडे गेले. तेथेच, ब्युनॉस आयर्स येथे, १७ मार्च १८८७ रोजी त्यांनी आत्महत्या केली. वय चाळीसही पुरे झाले नव्हते. वृद्ध पीटर डेनी त्यांच्यामागे आठ वर्षे जगले.

कारखाना बंधू आर्चिबाल्ड आदींनी पुढे चालविला. टर्बाइनवर चालणारी पहिली प्रवासी व्यापारी बोट ‘किंग एडवर्ड’ १९०१ मध्ये येथेच बांधली गेली. १९६३ मध्ये कारखाना बंद पडला. मेणाच्या प्रतिकृतींचा तो हौद मात्र स्कॉटिश सागरी संग्रहालयाने जतन केला असून तो पाण्याने भरलेला प्रवाशांना पाहावयास मिळतो.