साइटची प्रत घेताना मॉनिटर आडवा आला तर

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. कागद जपायची सवय या पट्ट्याला जुनी आहे. वेबपानांचं मात्र तसं नाही. याहूने २००९मध्ये जिओसिटीज ही साइट ठेवायची सेवा बंद केली, तेव्हा असंख्य हौशी साइट एकदम गेल्या. म्हणून आपल्या मंडळाच्या, वाचनालयाच्या साइटची एचटीट्रॅक या साइट उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत घेऊन ठेवाच. ती घेताना नेटवर्क मॉनिटरने, म्हणजे नेटवर्कवरच्या ये-जा वर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने अडवलं, तर:

काय करावे

• उतरलेली दोन-चार पानं उघडून बघा. सगळ्या फाइली एकाच आकाराच्या असतील, तर साइटऐवजी मॉनिटरचं ‘प्रवेश नाही’ किंवा केबलवाल्याचं लॉगिनचं पानच पुन्हा पुन्हा उतरलंय. ही खूण सर्वांत पक्की, आणि नेमकी हीच बघायची राहून जाते.

• मग लॉग फाइल वाचा. ४०७ म्हणजे वाटेतला प्रॉक्सी पासवर्ड मागतोय. ४२९ म्हणजे मागण्या फार झाल्या. ४०३ साइटही देते, फिल्टरही देतो. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका.

• लिनक्सवरचं वेबएचटीट्रॅक ब्राउझरमधून चालतं आणि सहसा ८०८० पोर्ट घेतं. मॉनिटरचा डॅशबोर्डही तिथेच असेल, तर एकाचा पोर्ट बदला.

• घरच्या मशीनवर मॉनिटरच्या यादीत फक्त एचटीट्रॅकला परवानगी द्या.

• कॉलेजात, ऑफिसात नेटवर्क सांभाळणाऱ्याला आधी भेटा. कोणती साइट, साधारण किती एमबी, किती वाजता, एवढं लिहून द्या. रात्रीची वेळ मागितली तर काम सोपं होतं.

काय टाळावे

• मॉनिटर किंवा अँटिव्हायरस पूर्ण बंद करणं.

• ऑफिसच्या मशीनला मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून वाट काढणं.

• ओळख बदलून ब्राउझर असल्याचं भासवणं. एचटीट्रॅक स्वतःचं नाव सांगतं, ते सांगू द्या. परवानगी मागायची तर खऱ्या नावाने मागावी.

• एका वेळी ढीगभर जोडण्या. दोन पुरतात. जास्त झाल्या की मॉनिटरला तो हल्ला वाटतो, आणि छोट्या संस्थेचा स्वस्त सर्व्हर खरंच कोलमडतो.

• सभासदांचे फोन-पत्ते असलेली पानं उतरवणं.

• अडलं की लगेच फोल्डर पुसणं. कॅशे शाबूत असेल तर राहिलेलं काम तिथूनच पुढे चालू करता येतं. अडवणुकीची पानंच साठली असतील, तेव्हा मात्र नव्या फोल्डरात सुरुवात करा.