शिक्षा आणि शिकवण

मराठीत 'शिक्षा' हा शब्द उच्चारताच छडी, दंड किंवा तुरुंग डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ शिकणे, अध्ययन असा आहे. वेदांचे शुद्ध उच्चार शिकविणाऱ्या वेदांगाचे नावही 'शिक्षा' असेच आहे. शिक्षक, शिक्षण आणि आपले नेहमीचे 'शिकणे' हे शब्द त्याच कुळातील होत. मग ज्या शिक्षेतून मनुष्य काहीच शिकत नाही, तिला शिक्षा तरी का म्हणावे?

यवतमाळ जिल्हा हा काळ्या मातीचा आणि कपाशीचा प्रदेश. पावसाळ्याच्या आरंभी येथील शेतांत कपाशीचे कोवळे अंकुर वर येतात. अशा दिवसांत एखाद्या शेतकऱ्याने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला धुऱ्यावर बैल चारण्यास सांगितले, अशी कल्पना करावी. मुलगा नाल्यातील खेकडे धरण्यात रमला आणि तेवढ्यात बैलांनी दोन तासांतील रोपे तुडवून टाकली. वडिलांच्या संतापाला सीमा उरली नाही. आता त्यांच्यापुढे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सोपा आहे. हातातील तुतारीने मुलाला दोन रट्टे द्यावेत, की झाले. परंतु त्या रट्ट्यांनंतर मुलाच्या मनात पाठीच्या वेदना राहतील. तुडवलेली रोपे राहणार नाहीत. पुढच्या खेपेस असे काही घडले, तर 'दोर तुटला' असे सांगून मोकळे होण्याचा मोह त्याला होईल. माराच्या भीतीने चूक टळेलच असे नाही; ती लपविण्याची कला मात्र साधते.

दुसरा मार्ग कष्टाचा आहे. वडिलांनी मुलाला शेतात न्यावे, मोडलेली रोपे दाखवावीत, एका रोपामागे किती श्रम असतात ते सांगावे, आणि सरकी हाती देऊन त्याच्याकडून नांग्या भरून घ्याव्यात. वाकून वाकून मुलाची कंबर दुखेल, हे खरे. पण चार-सहा दिवसांनी नवे अंकुर वर आले आहेत काय, हे पाहण्यासाठी तोच सर्वांच्या आधी शेतावर धावेल. चूक त्याची होती. आता ती सुधारण्याचे कामही त्याचे झाले.

'मुलांना मारू नये, तर त्यांचे लाड करावेत काय?' असे कोणी विचारील. चूक पोटात घालून गप्प बसणे म्हणजे शिकवण नव्हे. वरील उदाहरणातील मुलाची सुटका झालेली नाही. उलट, रट्टे खाऊन तो घटकाभरात मोकळा झाला असता. नांग्या भरताना त्याला आपल्या चुकीसमोर कित्येक दिवस उभे राहावे लागले.

महात्मा गांधींच्या चरित्रात या विषयाच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात. पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाचे सुमारे 25 रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच सोन्याच्या कड्यातून एक लहानसा तुकडा काढला. कर्ज फिटले, पण मन स्वस्थ बसू देईना. अखेर त्यांनी सारा अपराध एका चिठ्ठीत लिहिला. आपल्याला योग्य ती शिक्षा करावी, मात्र वडिलांनी स्वतःला क्लेश करून घेऊ नयेत, अशी विनंती केली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञाही लिहिली. वडील आजारी होते. थरथरत्या हाताने मुलाने चिठ्ठी पुढे केली. ती वाचताना वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले व कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी चिठ्ठी फाडली आणि ते पुन्हा आडवे झाले. एक शब्दही ते कठोर बोलले नाहीत. त्या अश्रूंनी आपले मन धुऊन निघाले, असे गांधींनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

याच गांधींच्या हातून एकदा छडीचे कामही घडले. दक्षिण आफ्रिकेत 1910 साली स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर ते मुलांना शिकवीत असत. एक दांडगट मुलगा कोणाचेही ऐकेना. एके दिवशी गांधींनी जवळ पडलेला रूळ उचलून त्याच्या हातावर मारला. मारताना ते स्वतःच कापत होते. मुलगा रडला, त्याने क्षमा मागितली, आणि पुढे तो त्यांचे ऐकूही लागला. छडीचा विजय झाला, असे कोणीही म्हटले असते. गांधींना तसे वाटले नाही. मुलाला रुळाचा मार लागला नसून आपले दुःख जाणवले, असे त्यांचे मत होते. आणि त्या दिवशी आपल्यातील पशूच प्रकट झाला, ही खंत त्यांना कायमची राहिली.

पुढे 1936 साली ते सेवाग्रामला राहू लागले. वर्धा नदी ओलांडली, की यवतमाळचा हा शेजारी जिल्हा लागतो. 1937 साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. चरख्यावर सूत तुटले, की चूक स्वतःच बोलते. तेथे छडीने बोलण्याचे कारण उरत नाही.

आज हा केवळ थोरांचा उपदेश राहिलेला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे.

परंतु छडी गेली म्हणजे जबाबदारी गेली असे नाही. ती हात बदलते. पूर्वी छडी शिक्षकाच्या हाती होती, आता लगाम विद्यार्थ्याच्या हाती आला आहे. वडिलांनी चिठ्ठी फाडली हे मोठेपण खरेच. पण ती चिठ्ठी लिहिण्याचे धैर्य आधी मुलाला दाखवावे लागले होते.

अभ्यास

1. 'शिक्षा' या शब्दाचे मराठीतील व संस्कृतातील अर्थ सांगा.
2. नांग्या भरताना मुलाला 'आपल्या चुकीसमोर उभे राहावे लागले', असे का म्हटले आहे?
3. रूळ मारल्यावर मुलगा ऐकू लागला, तरी गांधींना खंत का वाटली?
4. वाक्यांत उपयोग करा : पोटात घालणे, सीमा न उरणे, मन धुऊन निघणे.
5. चूक कबूल करणारी एक चिठ्ठी आपल्या वडिलांना किंवा आईला उद्देशून लिहा.